याचिकाकर्ती क्रमांक तीन

११ जून, धुळे

आज सकाळच्या एसटीने बोराडीला जाऊन पुढे जीपने पाड्यावर गेले. आमच्या मूकबधिर विद्यालयातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण जुन्या मुलांच्या घरी जायची सवय सुटत नाही. शिवाय माझी ‘हातबोली’ तिथे चालते का, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. भाची शीतलने ही वेबसाइट बांधून दिली, खुणांच्या भाषेचे दोनशे चौदा धडे मी त्यावर टाकले. ज्या घरात मूल ऐकू शकत नाही, त्या घरातल्या मोठ्यांनी ते पाहून शिकावं म्हणून.

जिच्या घरी गेले त्या बुधीबाईच्या फोनवर धडा उघडलाच नाही. गोल फिरत राहिलं आणि मग पाटी आली, ‘ही सेवा अंगणाबाहेर आहे.’

अंगण म्हणजे काय ते तिथेच कळलं. एका कंपनीने पाड्याजवळ टॉवर उभा केलाय. दुसऱ्या कुणाची रेंज तिथे येतच नाही. कंपनीच्या ‘अंगण’ पॅकमध्ये गाणी, हवामान, बाजारभाव आणि त्यांचा स्वतःचा व्हिडिओ कॉल फुकट. बाकी सगळं जग पैसे भरून, आणि तेही रांगत. म्हणजे माझे धडे फाटकाबाहेर उभे.

मी तिथे असतानाच बुधीबाईला तिच्या लेकीचा, गेंदाचा, व्हिडिओ कॉल आला. गेंदा माझी विद्यार्थिनी, आठवीपर्यंत माझ्याकडे होती. आता एकोणीस वर्षांची आहे, सुरतेला कापडाच्या कारखान्यात जाते. जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी अर्धा तास हात हलवत, गाल फुगवत, भुवया उडवत बोलत होत्या. बुधीबाई हसून हसून वाकली. मला त्यातलं निम्मंही समजलं नाही. त्यांच्या खुणा घरच्या, अशुद्ध. गेंदाला मी सहा वर्षं नीट खुणा शिकवल्या, आणि आईसमोर ती पुन्हा तसंच करते. आईने माझे धडे पाहिले असते तर ही वेळ आली नसती.

परतताना फार चीड आली.

१९ जून

कंपनीचा माणूस घरी आला होता. गोड बोलणारा. म्हणाला, “मॅडम, तुमचं काम फार मोठं आहे. तुमचे धडे आमच्या अंगणात टाका, उद्यापासून सगळ्या पाड्यांवर फुकट दिसतील.” मी विचारलं, “आणि माझी वेबसाइट?” “ती बंद करावी लागेल. धडे फक्त अंगणातच.”

मी नाही म्हटलं. तो गेल्यावर शीतल म्हणाली, “आत्या, निदान विचार तरी करायचा. मुलांना दिसले असते.” मी तिला सांगितलं, आज खुणा त्यांच्या, उद्या पाठ्यपुस्तकं त्यांची. कोणी काय पाहायचं हे फाटकावरच्या माणसाने ठरवायचं का?

बोलताना माझा आवाज छान लागला होता. वर्गात लागायचा तसा. आवाजाचा आमच्या वर्गात काही उपयोग नव्हता, ही गोष्ट वेगळी.

२ जुलै

अॅडव्होकेट प्रेमराज यांच्याकडे गेले. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या शाळेत होता, त्यामुळे ते मला अक्का म्हणतात. धुळ्यात ऑफिस, पण खंडपीठातही उभे राहतात.

त्यांनी समजावलं. इंटरनेटवर एकाला फुकट आणि दुसऱ्याला पैसे असा भेद कंपन्यांनी करायचा नाही, असा नियम काही वर्षांपूर्वीच झालेला आहे. पण कंपनी म्हणते, अंगण हे इंटरनेट नाहीच, ते आमचं बंदिस्त खासगी जाळं आहे, त्याला नियम लागू नाही. “अक्का, पळवाट आहे. पण ती बुजवता येते. कोणीतरी बाधित माणूस पाहिजे.”

बाधित माणसं तीन मिळाली. जामनेरचा नवीन, केळीच्या रोगांची माहिती देणारी साइट चालवतो. एरंडोलची रोशनी, तालुक्याच्या बातम्या देते. आणि मी. कागदावर माझ्या नावापुढे ‘याचिकाकर्ती क्रमांक तीन’ असं आहे. आयुष्यात कोर्टाची पायरी चढले नव्हते.

प्रेमराज सहज म्हणाले, “पाड्यावर लोक अंगण कशाला वापरतात, ते पाहिलंत ना?”

मी म्हटलं, “गाणी ऐकायला.”

२६ जुलै, जळगाव

कॉलेजच्या सभागृहात सभा झाली. मुलामुलींनी भिंतीवर फलक लावले होते, ‘सगळ्या रस्त्यांना एकच नियम’. नवीन बोलला, रोशनी बोलली, शेवटी मी. मी फाटकाचं उदाहरण दिलं तेव्हा टाळ्या थांबेनात. एका मुलीने माझ्यासोबत फोटो काढला. वय विसरायला झालं.

प्रश्नोत्तरांत मागून एक शेतकरी उठले. जामनेरकडचे, धनसिंग नाव सांगितलं. “बाई, तुमचं बरोबर असीन. पण आमच्या गावात पहिल्यांदा काही फुकट भेटून ऱ्हायलं, ते बंद कायले करता? तुमचं बी त्यात टाकायला सांगा ना.”

मुलं हसली. मी त्यांना समजावलं, दादा, आज फुकट देतील, उद्या तुमच्या पिकाचा भावही तेच सांगतील. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आतालोक कोनंच सांगत नव्हतं.” आणि बसले.

हसायला नको होतं मुलांनी.

१३ ऑगस्ट

अंतरिम आदेश! अंतिम निकाल लागेपर्यंत अंगण पॅक बंद. नियामक संस्थेने सहा आठवड्यांत आपलं म्हणणं मांडायचं.

प्रेमराजांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. शीतलने पेढे आणले. संध्याकाळी दोन वार्ताहर आले. ‘निवृत्त शिक्षिकेने कंपनीला नमवले’ असा मथळा देतो म्हणाले. मी म्हटलं, आम्ही तिघं आहोत. “हो, पण फोटो तुमचाच चांगला दिसेल.”

आमच्या यांच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. आज असते तर गल्लीभर सांगत सुटले असते.

१६ ऑगस्ट

कंपनीने सगळ्या गावांतल्या फोनवर निरोप पाठवलाय. शीतलने दाखवला. ‘काही व्यक्तींनी केलेल्या याचिकेमुळे आपली मोफत सेवा नाइलाजाने बंद करावी लागत आहे.’ खाली तिन्ही नावं. माझं पूर्ण नाव, गाव धुळे.

खोटं काही नाही त्यात. तरी वाचताना असं वाटलं की चौकात उभं करून कोणी बोट दाखवतंय.

१८ ऑगस्ट

फोन थांबत नाहीत. शिरपूर, रावेर, चोपडा, कुठून कुठून. नंबर कसा मिळाला देव जाणे. एक बाई म्हणाली, “तुमच्या घरी वायफाय असंल, म्हणून तुम्हाला सुचतंय.” एका माणसाने नुसत्या शिव्या दिल्या. एकाने शांतपणे विचारलं, कंपनीच्या विरोधी कंपनीने तुम्हाला किती दिले? याचं उत्तर द्यायला मी अर्धा तास घालवला. तो मध्येच कधी फोन ठेवून गेला होता, कळलंही नाही.

नवीनच्या घरावर रात्री दगड पडले म्हणे. त्याची बायको माहेरी गेली.

२३ ऑगस्ट

आता त्रास द्यायची नवी तऱ्हा. परवापासून एका अनोळखी नंबरवरून आधी व्हिडिओ कॉल येतो. तो मी कापते, अनोळखी माणसाला तोंड कशाला दाखवायचं? मग लगेच साधा फोन येतो. उचलला की पलीकडे कोणी बोलतच नाही. मागे यंत्रांची घरघर, आणि कुणाचा तरी जोरजोरात श्वास. मी “कोण आहे? लाज नाही वाटत?” असं दोनदा ओरडले. तरी ठेवेना. काल सात वेळा, आज अकरा.

शेवटी शीतलने तो नंबर ब्लॉक करून टाकला, आणि यादीत नाव नसलेल्या कुणाचाच फोन वाजणार नाही अशी सोय केली. घर एकदम शांत झालं. दुपारी झोप लागली, आठवड्यात पहिल्यांदा.

३० ऑगस्ट

बुधीबाई आली होती. एकटी, पहाटे पाड्यावरून निघून, तीन गाड्या बदलून. दारात उभी राहिली, आत येईना. मी हाताला धरून आणलं.

त्यांची घरची बोली वेगळी, पण माझ्याशी ती अहिराणीत बोलते. म्हणाली, “बाई, मनी पोर माले दखास नई.”

म्हणजे अंगण बंद झाल्यापासून गेंदाचा चेहरा दिसलेला नाही. आणि नुसता पॅकच नाही. कंपनीने सांगितलं, फुकट योजना नाही तर पाड्यावरचा टॉवर परवडत नाही, आणि तोही बंद केला. आता तिथे काहीच नाही.

“आवाज तिले आयकू येत नई. मी काय करू फोनले? माले तिना तोंड दखनं पडस.”

मग हळूच विचारलं, “तुम्हीनच बंद करं का?”

मी म्हटलं, कोर्टाने केलं. कोर्ट आणि मी यांतला फरक मला नीट सांगता आला नाही.

गेंदाचा नंबर लावला, बंद. मग कारखान्यातल्या तिच्या मुकादमाला लावला. तो म्हणाला, तिचा फोन खाली पडून फुटला, पोरगी मजेत आहे, आता पाळीवर आहे, काळजी करू नका. माणूस सज्जन वाटला. व्हिडिओवर दाखवा म्हटलं तर म्हणाला, कारखान्यात परवानगी नाही.

बुधीबाईला सांगितलं, बरी आहे ती. तिने मान हलवली नाही. म्हणाली, “तिले तुमना नंबर तोंडपाठ शे. काही व्हतं तं तुमलेच लावती ना?”

खरं आहे. सगळ्या मुलांकडून मी माझा नंबर पाठ करून घेत असे. मी म्हटलं, “तेच तर. मला तिचं काहीच आलेलं नाही. म्हणजे सगळं ठीक असणार.”

तेवढ्यावर तिला जरा धीर आला असावा. जेवून गेली.

२४ सप्टेंबर

तारीख होती. संभाजीनगरला गेलो, दिवसभर बाकड्यावर बसलो. पुकारा झालाच नाही. बोर्डावर आमचा नंबर सत्तेचाळीस, कोर्ट उठलं तेव्हा एकतीस चालू होता. नियामक संस्थेच्या वकिलांनी तसंही मुदत मागितलीच असती, असं प्रेमराज म्हणाले.

रोशनी आली नव्हती. तिला जाहिराती मिळेनाशा झाल्यात. दुकानदार म्हणतात, तुझं नाव त्या निरोपात होतं.

परतताना प्रेमराजांना विचारलं, “मी माघार घेतली तर?”

“तुमचं नाव निघेल, अक्का. आदेश राहील. बाकीचे दोघं आहेत.”

“तिघांनीही घेतली तर?”

“मग आदेश उठेल. पण टॉवर पुन्हा सुरू कर, असं कंपनीला कोण सांगणार? त्यांच्यासाठी हे बरंच झालं. तोटा वाचला आणि बोल तुमच्या नावावर.” मग म्हणाले, “आणि मुद्दा आपला बरोबरच आहे. ते विसरू नका.”

विसरत नाही. मुद्दा बरोबर आहे, आणि मला आता तो कुणाला सांगावासा वाटत नाही.

२८ सप्टेंबर

पाड्यावर जाऊन आले. टॉवर उभा आहे, खालची खोली कुलूपबंद. बोराडीच्या बाजारात दोघी-तिघींनी मला ओळखलं. वर्तमानपत्रातला फोटो. एकीने विचारलं, “आते काय बंद करनं शे?” तिच्यासोबतच्या हसल्या. त्यांत एक रडत होती असं वाटलं, पण ऊन होतं, नक्की सांगता येत नाही.

दूरसंचार खात्यात अर्ज दिला. कलेक्टर कचेरीत दिला. दोन्हीकडे एकच उत्तर, विषय न्यायप्रविष्ट आहे.

हा शब्द मीच वार्ताहरांना सांगितला होता, ऑगस्टमध्ये. तेव्हा भारदस्त वाटला होता.

८ ऑक्टोबर, शिरपूर

बुधीबाई आता ऐकेना. तिला घेऊन शिरपूरला माझ्या पुतण्याच्या घरी बसले, इथे रेंज चांगली आहे. मुकादमाला सांगितलं, आज पोरगी दाखवली नाहीस तर मी पोलिसात जाते, माझं नाव पेपरात वाचलं असशील. या नावाचा एवढा एकच उपयोग झाला.

तासाभराने व्हिडिओ आला. खोलीत अंधार होता. गेंदा बारीक झालीय. ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेतलेली, डाव्या हाताने खुणा करत होती. बुधीबाईने पाहिलं आणि तिच्याच बोलीत काही पुटपुटली. मग उजवा हात पुढे करून हलवला. दाखव.

गेंदाने नाही म्हणून मान हलवली.

बुधीबाईने पुन्हा हात पुढे केला. यावेळी हलवला नाही. नुसता धरून ठेवला.

मग गेंदाने ओढणी काढली. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तिसरं वाकडं जडलेलं. कापड कापायच्या यंत्रात गेली. कधी? तिने बोटांनी नाही, मला कळावं म्हणून कॅलेंडर पुढे धरून दाखवलं. एकवीस ऑगस्ट.

दीड महिना. आणि मुकादम म्हणतो, मजेत आहे.

बुधीबाई ओरडली नाही, रडली नाही. फोन जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी त्याच्यावर वाकून बोलत राहिली, जणू पोर त्यात खाली पडलीय. मी मध्ये जाऊन गेंदाला नीट खुणेत विचारलं, दवाखान्यात नेलं का? मला का नाही कळवलंस? पहिल्या प्रश्नाला तिने हो केलं. दुसरा प्रश्न पाहून तोंड फिरवलं. दुखत असेल.

१४ ऑक्टोबर, दोंडाईचा

गेंदाला आणायला बुधीबाईसोबत स्टेशनवर गेले. सोबत सुरतेहून कारखान्यातली एक मुलगी आली होती, कामिनी नाव, भुसावळकडची. पोचवून पुढच्या गाडीने माघारी जाणार होती. चांगली पोर. आपला फोन फुटल्यावर गेंदा तिचाच फोन वापरायची म्हणे. मला नमस्कार करून काहीतरी बोलू लागली, “बाई, हिने तेव्हा लई वेळा...” तेवढ्यात गेंदाने तिची ओढणी ओढली आणि नको म्हणून मान हलवली. मी पुढे विचारलं नाही, गाडीची गर्दी होती.

गेंदाने मला वाकून नमस्कार केला. डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

मुकादमाविरुद्ध तक्रार करू म्हटलं. बुधीबाई म्हणाली, “कोर्ट नको बाई.”

२ नोव्हेंबर

पुढची तारीख जानेवारीत गेली. नियामक संस्थेला आणखी मुदत. प्रेमराज म्हणतात, दोन-तीन वर्षं सहज.

आज पाड्यावर गेले होते. मनात योजना होती. डाव्या हाताने करता येतील अशा खुणांचे नवे धडे, गेंदालाच समोर बसवून. शीतल म्हणते, चांगली कल्पना आहे. त्या धड्यांना पाड्यावर कुठलं जाळं नाही, पण शिरपूरपर्यंत तरी पोचतील.

पोचले तर दोघी ओट्यावर मोहाच्या वाळलेल्या बिया फोडत बसल्या होत्या. गेंदा डाव्या हाताने दगड धरते आता. मी खाटेवर बसले. माझी योजना तिला खुणेने सांगितली. तिने नीट पाहून घेतली.

मग आईकडे वळून बोलू लागली. त्यांच्या त्या घरच्या खुणा. दोन बोटं गेली तरी त्यात काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. कारण त्या खुणा हातात कमी आणि तोंडात, खांद्यात, डोळ्यांत जास्त आहेत, हे माझ्या आजच लक्षात आलं. माझ्या दोनशे चौदा धड्यांत चेहरा फारसा नाही. बऱ्याचदा मी फक्त हातच घेतलेत.

फार वेळ बोलत होती. बुधीबाईचं काम थांबलं. मध्येच गेंदाने कानाशी हात धरला, फोनसारखा. मग माझ्याकडे बोट केलं. पुन्हा कानाशी हात, पुन्हा, पुन्हा. मग तोंड मोठं उघडून जोरात श्वास घेतला, आणि हात खाली टाकले.

मी विचारलं, “काय म्हणतेय ती? मला नाही समजलं.”

बुधीबाई माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मग ती पदराला हात पुसत उठली.

“काही नई, बाई. तुमले चहा ठेवस.”

गेंदा उठून आत गेली. मी चहा घेतला. बुधीबाईने साखर जास्त घातली होती, पाहुण्याला घालतात तशी. परतीच्या जीपला वेळ होता, पण मग बसवेना.